लोणार विवराचे किरणोत्सारी कालमापन

लोणार विवराचे किरणोत्सारी कालमापन म्हणजे महाराष्ट्राच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथील आघात विवराचे वय अणूंच्या किरणोत्सारी ऱ्हासावरून ठरवण्याचा अभ्यास होय. अनेक पुस्तकांत या विवराचे वय सुमारे ५० हजार वर्षे दिलेले आढळते, तर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मापनानुसार ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आहे. या दोन आकड्यांत अकरा पटींहून अधिक अंतर आहे. दोन्ही मापने किरणोत्सारावर आधारलेली असली, तरी त्यांतील घड्याळे वेगवेगळी आहेत. हा फरक समजण्यासाठी अणूची रचना, किरणोत्सार आणि केंद्रकीय ऊर्जा यांच्या मूलभूत संकल्पनांची ओळख आवश्यक ठरते.

## पार्श्वभूमी

लोणार हे बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. गावालगतच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर व खोली सुमारे १५० मीटर असून त्याच्या तळाशी सुमारे १.२ किलोमीटर व्यासाचे खाऱ्या व अल्कधर्मी पाण्याचे सरोवर आहे. भगवान विष्णूने लवणासुराचा वध याच ठिकाणी केला, अशी आख्यायिका असून गावातील दैत्यसूदन मंदिर तिच्याशी जोडलेले आहे. १८२३ साली ब्रिटिश अधिकारी सी. जे. ई. अलेक्झांडर यांनी या स्थळाची नोंद केली. सभोवतालचा प्रदेश बसाल्ट या ज्वालामुखीजन्य खडकाचा असल्याने हे विवरही ज्वालामुखीमुळेच तयार झाले असावे, असे दीर्घकाळ मानले जात होते.

१९७३ साली के. फ्रेडरिक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी विवरातून खोदून काढलेल्या खडकांत मॅस्केलिनाइट आढळल्याचे प्रसिद्ध केले. फेल्डस्पार या खनिजावर प्रचंड दाबाची आघात-लहर आदळली, की त्याची स्फटिकरचना मोडून काचेसारखा पदार्थ तयार होतो. तोच मॅस्केलिनाइट होय. ज्वालामुखीच्या उद्रेकात इतका दाब निर्माण होत नाही. त्यामुळे हे विवर अशनीच्या आघाताने निर्माण झाल्याचे सिद्ध झाले. बसाल्ट खडकातील मोजक्या आघात विवरांपैकी हे सर्वांत सुस्थितीत राहिलेले विवर मानले जाते.

विवराची उत्पत्ती निश्चित झाली, तरी ते केव्हा तयार झाले हा प्रश्न उरला. ज्या बसाल्टमध्ये ते आहे, तो दख्खनच्या लाव्हापठाराचा भाग असून त्याचे वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे आहे. विवर त्यानंतरचे आहे एवढेच यावरून कळते. अधिक नेमके उत्तर मिळवण्यासाठी खडकातील अणूंचा आधार घ्यावा लागतो.

## अणूची रचना

प्रत्येक अणूच्या मध्यभागी अतिसूक्ष्म, जड व धनप्रभारित केंद्रक असते. केंद्रकाचे अस्तित्व अर्नेस्ट रदरफोर्ड यांनी १९११ साली मांडले. केंद्रकात धनप्रभारित प्रोटॉन आणि प्रभाररहित न्यूट्रॉन असतात. न्यूट्रॉनचा शोध जेम्स चॅडविक यांनी १९३२ साली लावला. केंद्रकाभोवती ऋणप्रभारित इलेक्ट्रॉन असतात.

केंद्रकातील प्रोटॉनांच्या संख्येस अणुक्रमांक म्हणतात. मूलद्रव्याची ओळख याच संख्येवरून ठरते: १८ प्रोटॉन असलेला अणू आरगॉनचा, तर १९ प्रोटॉन असलेला अणू पोटॅशियमचा. प्रोटॉन व न्यूट्रॉन यांच्या एकूण संख्येस अणुवस्तुमानांक म्हणतात. एकाच मूलद्रव्याच्या अणूंत न्यूट्रॉनांची संख्या भिन्न असू शकते. अशा अणूंना समस्थानिके म्हणतात. पोटॅशियमची तीन समस्थानिके निसर्गात आढळतात: पोटॅशियम-३९, पोटॅशियम-४० आणि पोटॅशियम-४१. यांपैकी फक्त पोटॅशियम-४० किरणोत्सारी आहे. त्याचे प्रमाण अत्यल्प, म्हणजे दर दहा हजार पोटॅशियम अणूंमागे सुमारे एक इतकेच असते.

समस्थानिकांचे रासायनिक गुणधर्म जवळजवळ सारखे असतात, कारण ते इलेक्ट्रॉनांवर अवलंबून असतात. म्हणूनच खनिजात, केळ्यात किंवा मानवी शरीरात जेथे पोटॅशियम असते, तेथे पोटॅशियम-४० ही असतेच. सुमारे ७० किलोग्रॅम वजनाच्या प्रौढ व्यक्तीच्या शरीरात दर सेकंदाला पोटॅशियम-४० चे चार हजारांहून अधिक अणू ऱ्हास पावतात.

## किरणोत्सार

काही केंद्रके अस्थिर असतात. ती आपोआप कण किंवा प्रारण उत्सर्जित करून अधिक स्थिर केंद्रकांत रूपांतरित होतात. या घटनेस किरणोत्सार म्हणतात. आंरी बेकरेल यांना युरेनियमच्या क्षारांत हा गुणधर्म १८९६ साली आढळला. १८९८ साली मेरी व पिएर क्यूरी यांनी पोलोनियम व रेडियम ही किरणोत्सारी मूलद्रव्ये शोधली.

किरणोत्सारी ऱ्हासाचे मुख्य प्रकार पुढीलप्रमाणे आहेत:

* आल्फा ऱ्हास: केंद्रकातून दोन प्रोटॉन व दोन न्यूट्रॉन यांचा एकत्रित कण बाहेर पडतो. युरेनियम-२३८ चा ऱ्हास बहुतांशी असा होतो.
* बीटा ऱ्हास: न्यूट्रॉनचे प्रोटॉनमध्ये रूपांतर होऊन इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. पोटॅशियम-४० चे सुमारे ८९ टक्के अणू या मार्गाने कॅल्शियम-४० होतात.
* इलेक्ट्रॉन ग्रहण: केंद्रक आपल्याच अणूतील एक इलेक्ट्रॉन सामावून घेते व प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो. पोटॅशियम-४० चे उर्वरित सुमारे ११ टक्के अणू या मार्गाने आरगॉन-४० होतात.
* गॅमा उत्सर्जन: ऱ्हासानंतर केंद्रकात उरलेली अतिरिक्त ऊर्जा उच्च ऊर्जेच्या विद्युतचुंबकीय प्रारणाच्या रूपाने बाहेर पडते.

### अर्धायुष्यकाल

एखादे विशिष्ट केंद्रक कोणत्या क्षणी ऱ्हास पावेल, हे सांगता येत नाही. परंतु केंद्रकांची संख्या मोठी असेल, तर ठरावीक काळात त्यांचा किती भाग ऱ्हास पावेल हे अचूक सांगता येते. मूळ अणूंपैकी निम्मे ऱ्हास पावण्यास लागणाऱ्या काळास अर्धायुष्यकाल म्हणतात. दोन अर्धायुष्यकालांनंतर पाव, तर तीननंतर एक-अष्टमांश भाग उरतो. खडकावरील ऊन, पाऊस, दाब किंवा सामान्य तापमान यांमुळे या गतीत लक्षणीय बदल होत नाही. याच कारणामुळे किरणोत्सारी समस्थानिकांचा घड्याळाप्रमाणे उपयोग करता येतो.

कार्बन-१४ चा अर्धायुष्यकाल सुमारे ५,७३० वर्षे आहे, पोटॅशियम-४० चा सुमारे १२५ कोटी वर्षे आणि युरेनियम-२३८ चा सुमारे ४४७ कोटी वर्षे. कोणत्या कालखंडासाठी कोणते समस्थानिक उपयोगी पडेल, हे मुख्यतः यावरून ठरते.

## केंद्रकीय ऊर्जा

रासायनिक अभिक्रियांत अणूंच्या बाह्य इलेक्ट्रॉनांची पुनर्रचना होते, तर केंद्रकीय अभिक्रियांत प्रत्यक्ष केंद्रक बदलते. केंद्रकातील घटकांना बांधून ठेवणारे बल अतिशय प्रबळ असल्याने दुसऱ्या प्रकारात मुक्त होणारी ऊर्जा कितीतरी अधिक असते. बुलढाण्याशेजारच्या अकोला जिल्ह्यातील पारस येथील औष्णिक विद्युत केंद्रात कोळसा जळताना कार्बनच्या एका अणूमागे सुमारे ४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मिळते. पालघर जिल्ह्यातील तारापूर अणुऊर्जा केंद्रात युरेनियम-२३५ च्या एका केंद्रकाचे विखंडन झाले, की सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मुक्त होते. एका अणूमागे हा फरक सुमारे पाच कोटी पटींचा आहे.

विखंडनात जड केंद्रकाचे दोन मध्यम आकाराच्या केंद्रकांत विभाजन होते व त्याबरोबर दोन-तीन न्यूट्रॉन बाहेर पडतात. हे न्यूट्रॉन पुढील केंद्रकांचे विखंडन घडवतात व साखळी अभिक्रिया सुरू होते. अणुभट्टीत ही अभिक्रिया नियंत्रित ठेवली जाते. भारतातील पहिली अणुभट्टी 'अप्सरा' ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे कार्यान्वित झाली. वीजनिर्मितीप्रमाणेच न्यूट्रॉनांचा स्रोत म्हणूनही अणुभट्ट्यांचे महत्त्व आहे. लोणारच्या खडकांचे आरगॉन पद्धतीने वय काढताना अशाच न्यूट्रॉनांची गरज भासते.

आघात विवरांच्या अभ्यासाला केंद्रकीय ऊर्जेचा आणखी एका मार्गाने हातभार लागला. अमेरिकी भूवैज्ञानिक यूजीन शूमेकर यांनी नेव्हाडातील अणुचाचण्यांमुळे पडलेल्या खड्ड्यांची रचना ॲरिझोनातील मीटिऑर क्रेटरशी ताडून पाहिली. त्यामुळे आघाताच्या खुणा कशा ओळखाव्यात, हे अधिक स्पष्ट झाले. लोणारचा आघात ही मात्र केंद्रकीय घटना नव्हती. विवर खोदणारी ऊर्जा अशनीच्या वेगातून, म्हणजे त्याच्या गतिज ऊर्जेतून आली.

## घड्याळाचा शून्यक्षण

किरणोत्सारी कालमापनात खडकाचे 'वय' म्हणजे घड्याळ शेवटचे शून्यावर आले, तेव्हापासूनचा काळ. पोटॅशियम असलेला लाव्हा वितळलेल्या स्थितीत असताना त्यातील आरगॉन वायू निसटून जातो. लाव्हा थिजल्यावर नव्याने तयार होणारा आरगॉन-४० स्फटिकांत अडकून राहतो. म्हणून लोणारच्या सामान्य बसाल्टचे वय मोजल्यास लाव्हा थिजल्याचा काळ, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे मिळतो, आघाताचा नव्हे.

आघाताचा काळ हवा असेल, तर आघातानेच ज्याचे घड्याळ पुन्हा शून्यावर आणले असा पदार्थ शोधावा लागतो. आघाताच्या उष्णतेने वितळून तयार झालेली काच हा असा पदार्थ आहे. विवराच्या कडेबाहेर फेकल्या गेलेल्या मलब्यात ती सापडते. मात्र आघाताची प्रक्रिया अत्यंत अल्पकाळाची असते. तेवढ्या वेळात घड्याळ पूर्णपणे शून्यावर आले की नाही, हा लोणारच्या कालमापनातील कळीचा प्रश्न आहे.

## वापरलेल्या पद्धती

### ऊष्मादीप्ती

खडकातील पोटॅशियम, युरेनियम व थोरियम यांच्या प्रारणामुळे खनिजांतील काही इलेक्ट्रॉन आपली जागा सोडून स्फटिकातील दोषांत अडकतात. जितका काळ अधिक, तितके अडकलेले इलेक्ट्रॉन अधिक. खनिज तापवल्यास हे इलेक्ट्रॉन मुक्त होतात व मंद प्रकाश बाहेर पडतो. या प्रकाशास ऊष्मादीप्ती म्हणतात. प्रकाशाच्या प्रमाणावरून खनिज शेवटचे केव्हा तापले होते, याचा अंदाज करता येतो. या पद्धतीने लोणारचे वय सुमारे ५२ हजार वर्षे, ६ हजार वर्षांच्या अनिश्चिततेसह, असल्याचे १९९७ साली प्रसिद्ध झाले. सर्वपरिचित '५० हजार वर्षे' हा आकडा या मापनाशी जुळणारा आहे.

या पद्धतीला दोन मर्यादा आहेत. स्फटिकातील जागा भरून गेल्यावर घड्याळ पुढे सरकत नाही. तसेच ज्वालामुखीजन्य फेल्डस्पारमधील अडकलेले इलेक्ट्रॉन न तापवताही हळूहळू गळतात. दोन्ही कारणांमुळे मिळणारे वय खऱ्यापेक्षा कमी भरू शकते.

### विखंडन-मार्ग

युरेनियम-२३८ च्या सुमारे १८ लाख आल्फा ऱ्हासांमागे एखादेच केंद्रक आपोआप विखंडन पावते. वेगाने फेकले गेलेले त्याचे तुकडे काचेत सूक्ष्म ओरखडे उमटवतात. या ओरखड्यांची संख्या व युरेनियमचे प्रमाण यांवरून वय काढतात. डी. स्टॉर्झर व क्रिस्टियन कोबर्ल यांनी २००४ साली या पद्धतीने सुमारे १५ हजार वर्षे असे वय मांडले. परंतु त्यातील अनिश्चितता जवळजवळ तेवढीच मोठी होती. बसाल्टी काचेत युरेनियम अत्यल्प असल्याने मोजण्याजोगे ओरखडे थोडेच मिळतात. शिवाय काचेतील ओरखडे काळाच्या ओघात पुसट होत जातात.

### आरगॉन-आरगॉन पद्धती

पोटॅशियम-आरगॉन पद्धतीची ही सुधारित आवृत्ती आहे. नमुना अणुभट्टीत ठेवून त्यावर वेगवान न्यूट्रॉनांचा मारा करतात. त्यामुळे पोटॅशियम-३९ च्या काही केंद्रकांचे आरगॉन-३९ मध्ये रूपांतर होते. मग नमुना टप्प्याटप्प्याने तापवून बाहेर पडणाऱ्या वायूतील आरगॉनची समस्थानिके वस्तुमान वर्णपटमापकाने मोजतात. आरगॉन-३९ वरून पोटॅशियमचे आणि आरगॉन-४० वरून ऱ्हासाचे प्रमाण कळते. दोन्ही आकडे एकाच वायूतून मिळतात, हा या पद्धतीचा मोठा लाभ आहे. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतही या प्रकारच्या कालमापनाची प्रयोगशाळा आहे.

फ्रेड जूर्दाँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी लोणारच्या आघात काचेवर ही पद्धत वापरून २०११ साली ५ लाख ७० हजार वर्षे, ४७ हजार वर्षांच्या अनिश्चिततेसह, असे वय प्रसिद्ध केले. २००४ च्या अभ्यासातील कोबर्ल या अभ्यासातही सहलेखक होते.

### इतर पुरावे

कार्बन-१४ पद्धत सेंद्रिय पदार्थांसाठी वापरतात. सरोवराच्या तळातून काढलेल्या सुमारे १० मीटर लांबीच्या गाळाच्या स्तंभात गेल्या सुमारे ११ हजार वर्षांतील मान्सूनच्या बदलांची नोंद या पद्धतीच्या साहाय्याने वाचली गेली आहे. ५० हजार वर्षांनंतर मात्र मूळ कार्बन-१४ चा सुमारे चारशेवा भागही उरत नाही. त्यामुळे पाच-सहा लाख वर्षांपूर्वीच्या घटनेसाठी ही पद्धत निरुपयोगी ठरते.

विवराचे बाह्यरूप हा वेगळ्या स्वरूपाचा पुरावा आहे. उंचावलेली कड आणि तिच्याबाहेर पसरलेला मलबा आजही बऱ्याच अंशी टिकून आहे. दरवर्षी पावसाळ्याचा मारा सोसणाऱ्या प्रदेशात इतके सुस्थितीतील विवर फार जुने नसावे, असे काही भूवैज्ञानिकांचे मत आहे.

## वयांतील तफावत

वादाचे मूळ एका साध्या गणितावरून स्पष्ट होते. काचेत पोटॅशियम-४० चे दहा लाख अणू होते, असे मानू. अर्धायुष्यकाल १२५ कोटी वर्षे व आरगॉनकडे जाणारा वाटा १०.७ टक्के धरल्यास तयार होणारे आरगॉन-४० चे अणू पुढीलप्रमाणे येतात:

* ५० हजार वर्षांत: सुमारे ३
* ५ लाख ७० हजार वर्षांत: सुमारे ३४
* ६ कोटी ६० लाख वर्षांत: सुमारे ३,८५०

आघातापूर्वी मूळ बसाल्टमध्ये दर दहा लाखांमागे आरगॉनचे सुमारे ३,८५० अणू साठलेले होते. वितळताना ते सर्व निसटले, तर काचेचे घड्याळ शून्यावर येते. पण त्यांपैकी केवळ एक टक्का, म्हणजे ३८ अणू आत अडकून राहिले, तर काल तयार झालेली काचही साडेसहा लाख वर्षे जुनी दिसेल. तरुण विवर आणि प्राचीन खडक यांच्या संयोगात वारशाने आलेल्या आरगॉनचा धोका असा मोठा असतो.

हा धोका २०११ च्या अभ्यासकांनीही विचारात घेतला होता. टप्प्याटप्प्याने तापवण्याच्या पद्धतीत निरनिराळ्या टप्प्यांवरील वायूंची तुलना समकालरेषेच्या आलेखावर करता येते. त्यावरून ऱ्हासातून तयार झालेला आरगॉन व आधीपासून अडकलेला आरगॉन वेगळे काढता येतात. मात्र अडकलेल्या आरगॉनमधील समस्थानिकांचे परस्पर प्रमाण सर्व टप्प्यांत एकच असेल, तरच ही विभागणी विश्वसनीय ठरते. याउलट कमी वय दाखवणाऱ्या ऊष्मादीप्ती व विखंडन-मार्ग पद्धतींत घड्याळ मागे पडण्याची शक्यता आहे. थोडक्यात, आरगॉन पद्धतीतील संभाव्य त्रुटी वय वाढवते, तर अन्य दोन पद्धतींतील त्रुटी ते घटवते. म्हणून या आकड्यांची सरासरी काढणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य नाही. प्रत्येक पद्धतीच्या शून्यक्षणाची स्वतंत्र तपासणी करणे हाच मार्ग आहे.

## वयाचे महत्त्व

विवर ५० हजार वर्षांपूर्वीचे असेल, तर आघात आधुनिक मानवाच्या काळातील ठरतो. ते पावणेसहा लाख वर्षांपूर्वीचे असेल, तर त्या वेळी आधुनिक मानव अस्तित्वात आलेला नव्हता. भारतीय उपखंडात दगडी हातकुऱ्हाडी वापरणारे आदिमानव वावरत होते. चंद्र व मंगळ यांच्या पृष्ठभागांवर बसाल्ट विपुल असल्याने तेथील विवरांची झीज समजून घेण्यासाठी लोणारचा नमुना म्हणून उपयोग होतो. विवर किती काळ झिजत आहे हे ठाऊक असल्याशिवाय झिजेचा वेग काढता येत नाही.

## गैरसमज

'किरणोत्सारी कालमापन' या संज्ञेमुळे लोणारचे सरोवर किरणोत्सारी असल्याचा समज होऊ शकतो. तो बरोबर नाही. कालमापनासाठी वापरली जाणारी समस्थानिके जगातील सर्वच खडकांत अल्प प्रमाणात असतात. बसाल्टमध्ये तर पोटॅशियम, युरेनियम व थोरियम यांचे प्रमाण ग्रॅनाइटपेक्षा बरेच कमी असते. सरोवराचे पाणी अल्कधर्मी आहे ते त्यातील सोडियमच्या कार्बोनेट क्षारांमुळे. जून २०२० मध्ये पाण्याला आलेला गुलाबी रंग हा खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा परिणाम होता.

## संवर्धन

लोणार विवर हे राष्ट्रीय भूवारसा स्थळ असून परिसरात वन्यजीव अभयारण्य आहे. २०२० साली सरोवराचा रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत समावेश झाला. कालमापनासाठी उपयुक्त असलेली आघात काच विवराच्या कडेवरील मलब्यात विखुरलेली आहे. उत्खनन, बांधकाम किंवा दगड-गोटे उचलून नेणे यांमुळे हा मलबा विस्कळीत झाल्यास वयाच्या प्रश्नाचा पुरावाच नाहीसा होतो. म्हणून सरोवराच्या पाण्याइतकेच त्याच्या कडेचे रक्षणही महत्त्वाचे आहे.